ट्रकचा पाटा, मावळची धार

बूट, सॅक, टेन्ट, हेडलॅम्प सगळं घरबसल्या येतं. सुरी मात्र तळेगाव दाभाडेला जाऊन, भट्टीसमोर उभं राहून घडवून घ्यावी अशी वस्तू आहे. त्याला एक शनिवार लागतो. आणि पुढे वर्षभर थोडी काळजी.

ट्रेकिंगच्या वेडाच्या काही पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिल्या वर्षी कॉलेजचे स्पोर्ट्स शूज. दुसऱ्या वर्षी चांगले बूट. तिसऱ्या वर्षी सॅक, मग टेन्ट, मग पितळी स्टोव्ह. हे सगळं झालं की कुणीतरी मित्र कमरेच्या म्यानातून एक छोटी, जाड पाठीची सुरी काढून काकडी चिरतो आणि आपण घरी आल्यावर रात्री दोनपर्यंत सुऱ्याच बघत बसतो. घडी होणारा चाकू नव्हे, अख्ख्या पात्याची फिक्स्ड ब्लेड. पातं थेट मुठीत शिरलेलं, त्यामुळे मध्ये खिळखिळं होणारा सांधा नाही.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो. स्टेनलेस की कार्बन स्टील? स्वीडनमधल्या मोरा गावाचं नाव अशा वेळी हमखास निघतं. तिथे १८९१ पासून सुऱ्यांचा कारखाना आहे आणि साधी, स्वस्त, कार्बन स्टीलची सुरी म्हटलं की जगभरचे भटके मोराचं उदाहरण देतात. सुरी चांगलीच आहे, वाद नाही. पण तोच पोलादाचा गुण, तीच धार आपल्या मावळात पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या कमरेला लटकते आहे. तिला कोयती म्हणतात, एवढाच फरक.

कार्बन स्टील म्हणजे काय भानगड?

फार जड विषय नाही. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. सुरीच्या पोलादात हे प्रमाण साधारण अर्धा ते एक टक्का असतं. एवढ्याशा कार्बनमुळे ते तापवून झटकन थंड केलं की कडक होतं. स्टेनलेसमध्ये याशिवाय किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्यामुळे त्याला गंज सहजी लागत नाही, पण घरच्या साध्या दगडावर त्याला धार लावताना बहुतेक वेळा जास्त घाम गाळावा लागतो.

कार्बन स्टीलचं उलट आहे. पाच मिनिटं दगडावर घासलं की कागद सुर्रकन कापला जातो. मात्र ओलं ठेवलंत तर सकाळी त्यावर केशरी ठिपके. ही सुरी धुऊन पुसावी लागते, तेल लावावं लागतं. ऑफिसमध्ये एक मेल करायला विसरलो तर चालून जातं, इथे चालत नाही.

गाव आगीचं आणि लोखंडाचं

यासाठी तळेगावच का? मावळात लोहार आणखीही गावांत भेटतील. पण पुणे-लोणावळा लोकलनं थेट उतरता येतं आणि अर्ध्या दिवसात पाहावं असं पुष्कळ काही आहे.

तळेगाव स्टेशनाजवळ बंगले, दवाखाने, नव्या सोसायट्या. मूळ गाव थोडं आत. हे सरसेनापती दाभाड्यांचं गाव. खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिलं. त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत पडले. जुन्या गावात चालताना दगडी जोती दिसतात, तळं लागतं, आणि तळ्याच्या काठी थांबलात की एक गोष्ट आठवायलाच हवी.

१७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौज तळेगावात पोचली. मराठ्यांनी गाव आधीच रिकामं करून जाळलं होतं. खायला दाणा नाही, गुरांना वैरण नाही. ११ जानेवारीच्या रात्री फौज मागे फिरली आणि निघताना तिनं आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या. पुढे वडगावला मराठ्यांनी गाठलं आणि इंग्रजांना तह करावा लागला. ज्या मुलखात लोखंड ओढून न्यायची ताकद उरली नाही म्हणून तोफा पाण्यात गेल्या, त्याच मुलखात शेतकरी मात्र चार बोटांचं लोखंड कमरेला लावून रोज डोंगर चढत-उतरत होता.

आगीचा आणि हातकामाचा आणखी एक धागा इथे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. स्वदेशीची भाषणं बरीच झाली, इथे प्रत्यक्ष भट्टी पेटली आणि तरुण मुलं काचकाम शिकली.

आणि आजचं तळेगाव? चाकण रस्त्यावर ट्रकच ट्रक. एमआयडीसीत २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना आला, २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. मोठे कारखाने असे येतात, जातात. पण ट्रक आहेत तोवर त्यांचे कमान पाटे तुटणार, भंगारात जाणार आणि तिथून एखादा लोहार त्यातला एक तुकडा उचलणार.

भट्टीपाशी

ट्रकच्या चाकावर वाकलेल्या पट्ट्यांची चळत असते ना, तोच कमान पाटा. लाखो खड्डे सोसून पुन्हा सरळ व्हायचं हे त्याचं काम, म्हणून त्याचं पोलाद चिवट. कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधला. लांब धार टिकवायची असेल तर याहून जास्त कार्बनचं पोलाद मिळतं, पण लाकूड फोडताना पात्याचा टवका उडू नये असं वाटत असेल तर पाटा उत्तम. म्हणूनच कोयता, कोयती, कुऱ्हाड यांच्यासाठी गावोगावचे लोहार पाटा शोधतात.

गावात किंवा बाजाराच्या बाजूला चौकशी करा. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबांची पालंही दिसतात. जमिनीत छोटी भट्टी, एकजण सांडशीत लोखंड धरतो आणि समोर बहुतेक वेळा घरातली बाई घण घालते. तिचा एकही घाव ऐरणीवर रिकामा पडत नाही. जिममध्ये बॅटल रोप हलवणाऱ्यांनी एकदा हे पाहावं.

जाताना मोबाइलमधला फोटो दाखवू नका. जाड पुठ्ठ्यावर हव्या त्या मापाची सुरी काढा, कापा आणि तीच सोबत न्या. मुठीसकट. स्क्रीनवर चार इंचाचं पातं आणि दहा इंचाचं पातं सारखंच दिसतं. पुठ्ठा हातात धरला की लगेच कळतं. ट्रेकसाठी चार-साडेचार इंचाचं पातं आणि तीन-चार मिलिमीटर जाडीची पाठ पुरते. पाटा याच्या दुपटी-तिपटीनं जाड असतो, लोहार तो ठोकून पातळ करतो. पाते मुठीच्या टोकापर्यंत अख्खं जाऊ द्या असं मात्र आवर्जून सांगा. अर्ध्यातच संपणारी शेपटी लाकूड फोडताना मुठीतून निसटू शकते.

खरी गंमत शेवटी. आकार आला, कानशीनं धार काढली की पातं पुन्हा लालभडक तापतं. सुमारे ७७० अंशांच्या वर पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. शहरातले हौशी लोक चुंबक लावून पाहतात, लोहार नुसत्या रंगावरून ओळखतो. त्यासाठीच भट्टी सावलीत असते. मग धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात. चर्रर्र! याला 'पाणी देणं' म्हणतात. तलवारीचं पाणी, पाणीदार पातं, समोरच्याचं पाणी जोखणं हे शब्द आपण रोज वापरतो, त्यांचा अर्थ या आवाजात आहे.

या क्षणी धार काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ असते. म्हणून लोहार ती दगडावर चटकन घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि पात्यावर रंग चढू लागतो. आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळा. पिवळा-तपकिरी दिसला की पुन्हा पाण्यात. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर पातं स्प्रिंगसारखं होतं, धार लवकर बसते. हे सगळं काही सेकंदांत. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही.

घरी आल्यावर तपासायचं असेल तर धारेवर कानस हलकेच फिरवा. कानस खोल रुतली तर पाणी कमी पडलंय. परत जा, लोहार पुन्हा देईल. इथे 'रिटर्न पॉलिसी' अशीच असते.

मूठ तुमची, म्यान तुमचं

आता कस्टमायझेशन. ट्रेकर मंडळी इथेच हरवतात, आणि हरवावंच.

लोहार सहसा बाभळीची साधी मूठ बसवून देईल. ती चांगली असते. वेगळं काही हवं असेल तर सुताराकडे शिसवीचा किंवा चिंचेचा उरलेला तुकडा मागा. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावडा प्रसिद्ध आहे, मिळाला तर सोडू नका. दोन फळ्या पात्याच्या दोन्ही अंगांना लावायच्या, पितळेच्या खिळ्यांनी ठोकायच्या, मध्ये दोन ट्यूबवाला पक्का गोंद. मात्र खिळ्यांची भोकं पाण्याआधीच पाडून घ्या. पाणी दिल्यावर ती बाजूही कडक निघाली तर घरचं ड्रिल नुसतं कुरकुरत बसतं.

मग पॉलिश पेपर. आधी भरड, मग मधला, मग बारीक. मूठ पकडून पंधरा मिनिटं एखादी वाळकी काडी तासा. तळव्याला जिथे टोचेल तिथे पुन्हा घासा. दुकानात मिळणारी मूठ 'सरासरी' हातासाठी असते, ही तुमच्या हातासाठी असेल. शेवटी जवसाचं तेल. पहिल्या आठवड्यात रोज एक हात, मग महिन्यातून एकदा. हे तेल लाकडात वाळून घट्ट बसतं. एक मात्र सांभाळा. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. सपाट पसरून वाळवा.

म्यानासाठी चपला-पट्टे शिवणारा कारागीर गाठा. जाड चामडं, आणि धारेच्या बाजूला आत चामड्याचीच एक पट्टी, म्हणजे धार टाके कापत नाही. नाहीतर मावळी उपाय आहेच. कमरेला बांधायची लाकडी आकडी. आत-बाहेर करायला मोकळी, पावसात पाणी धरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. डिझाइन अवॉर्ड कुणी दिलं नाही, पण द्यायला हरकत नव्हती.

पावसाळा नावाची परीक्षा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कार्बन स्टीलला याहून कठीण पेपर नाही. उपाय मात्र स्वयंपाकघरातलेच.

पातं कांदा, लिंबू, चिंच यांच्या संगतीत आपोआप राखाडी-निळसर होतं. घाबरू नका, हा गंज नाही. उलट हा काळसर थर बसला की लाल गंज थोडा दूर राहतो. घाई असेल तर पातं गरम व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग नीट धुऊन पुसा. आजीची लोखंडी विळी आठवा. ती कधी चकचकीत होती का? काळीच होती, आणि भाजी तीच चिरायची.

वापर झाला की धुणं, पुसणं, दोन थेंब खोबरेल. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल लावलं तर काही दिवसांनी चिकट होतं. आणि सुरी चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खराब होतं. म्यान वेगळं, सुरी वेगळी.

धारेसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड पुरे. भरड बाजूनं सुरुवात, बारीक बाजूनं शेवट. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरा. धारेवर मार्कर पेननं रेघ ओढली तर दगड नेमका कुठे लागतोय ते दिसतं. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड जाणवते. जाणवली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-वीस हात उलटे फिरवा. विजेच्या ग्राइंडरवाल्याकडे मात्र देऊ नका. ठिणग्यांचा पाऊस छान दिसतो, पण धार निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं समजा.

वर्षा-दोन वर्षांनी धार फारच मागे गेली तर पुन्हा लोहाराकडे. तो पातं तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन आणतो. गावात याला शेवटणं म्हणतात. फेकून नवीन घ्यायची पद्धत तिथे नाही.

बदनाम झालेलं नाव

आता तो विषय, जो टाळून चालणार नाही. 'कोयता' म्हटलं की पुण्यात आज भात आठवत नाही, गँग आठवते. २०२३ मध्ये पुण्यात पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितलं. मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला झाडाच्या फांद्या सवळायच्या, कुंपणाला काटे तोडायचे, सरपण करायचं ते याच हत्यारानं. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याकडे आता लोक संशयानं बघतात. लोहार तुम्हाला 'कशाला पाहिजे?' असं विचारेल. राग मानू नका. त्यानं विचारायलाच हवं, आणि आपल्याकडे सरळ उत्तर असायला हवं.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांच्यानुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी न बनवलेल्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. खंजीर, गुप्ती तर येतातच. तुमची चार इंची सुरी या मापात बसत नाही म्हणून ती कुठेही मिरवायचा परवाना मिळाला असं मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगण्यावर बंदी असते. तळेगाव दाभाडे आज पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं, तेव्हा निघण्याआधी तिथले आदेश बघा.

आदेश नसतानाही नियम साधा ठेवा. दुधारी पातं नको, मोठं पातं नको. शहरात, लोकलमध्ये, हॉटेलात कमरेला नको. म्यानात घालून, कापडात गुंडाळून सॅकच्या तळाशी. विमानात केबिनमध्ये अजिबात नाही. आणि सुरी हातात धरून पोज देणारे रील तर नकोच. तो फोटो तुम्ही हौसेनं टाकाल, पोलीस मात्र तो वेगळ्या नजरेनं बघतील. शिवाय त्या प्रत्येक फोटोबरोबर कोयतीचं नाव आणखी थोडं खराब होतं, आणि त्याची किंमत रस्त्याकडेच्या भट्टीवाल्याला मोजावी लागते.

मग करायचं काय त्या सुरीनं?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कांदा चिरायचा. काकडी, कलिंगड, दोरी, पाकिटं. मुक्कामाच्या घरी परवानगी असेल तर वाळक्या काटकीच्या साली काढून चूल पेटवायची. लोहगड, विसापूर ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे शेकोटी आणि नक्षीकाम दोन्ही बाद. वनखात्याच्या हद्दीत जिवंत झाडाला पातं लावणं हा गुन्हा आहे. सुरी आहे म्हणून झाड तोडायचं नसतं. मावळातला शेतकरीही कुठली फांदी सवळायची आणि कुठली ठेवायची हे बघून कोयती उचलतो.

गो. नी. दांडेकर याच तळेगावात राहिले, इथूनच किल्ले हिंडले आणि शेजारच्या राजमाचीवर त्यांनी 'माचीवरला बुधा' लिहिली. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या माणसाची ती कादंबरी. आपण काही नोकरी सोडून माचीवर जाणार नाही. सोमवारी सकाळी लॉगिन करायचंच आहे. पण माचीवर ज्यांचं रोजचं जगणं आहे त्यांच्या हातातली एक वस्तू नीट समजून घेणं, ती घडवणाऱ्याला तिचे पैसे देणं आणि ती गंजू न देणं, एवढं पाच दिवसांच्या आठवड्यात बसतं.

जाता जाता

कसं जाल : पुणे-लोणावळा लोकल, घोरावाडीनंतरचं स्टेशन तळेगाव. गाडीनं जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून.

काय पाहाल : जुनं गाव आणि तळं. चाकण रस्त्यानं पुढे इंद्रायणीकाठचं इंदुरी आणि तिथली दाभाड्यांची गढी. जवळच भंडारा डोंगर, संत तुकारामांच्या चिंतनाची जागा. वरून इंद्रायणीचं खोरं आणि पावसाळ्यात हिरवीगार भातखाचरं.

काय आणाल : इंद्रायणी तांदूळ, आणि ऑर्डर दिलेली सुरी तयार असेल तर तीही.

काय न्याल : पुठ्ठ्याचं माप, ओळखपत्र आणि सबुरी. भट्टी पेटायला वेळ लागतो, आणि लोहाराच्या रांगेत तुमच्या आधी कुणाचा तरी विळा असतो. त्याची कापणी आधी, तुमचा ट्रेक नंतर.